शाल निजवताना

गल्लीच्या टोकाला, पुस्तकबांधणीच्या दुकानाला अगदी खेटून, एक चिंचोळं तिमजली घर होतं. तळाला कामाची खोली आणि स्वयंपाकघर, मधे बाईंची खोली, वर मुलांची. जिना इतका अरुंद की उतरणाऱ्यानं आधी हाक मारावी आणि चढणाऱ्यानं भिंतीला चिकटून उभं राहावं. दारावर पाटी नव्हती. ज्यांना गरज असे त्यांना ते घर बरोबर सापडे, आणि बाकीचे त्याला बांधणीवाल्याचं गोदाम समजून पुढे जात.

या घरात वस्तू जागवून मिळत.

म्हणजे असं, की एकट्यानं उंच भिंत रंगवायची असली, तर रंगारी आपली शिडी घेऊन इथे येई. दोन्ही तळहात शिडीवर ऊब येईपर्यंत ठेवायचे, एक फुंकर घालायची आणि तिचं काम तिला एका वाक्यात सांगायचं: तू शिडी, तुझं काम माणूस वर असेतो न हलणं. झालं. मग शिडी दिवसभर इमानानं उभी राही. वाक्य मात्र तोलून बोलावं लागे, कारण वस्तू सांगितल्याच्या पलीकडे एक अक्षर समजून घेत नाहीत. टिंबूनं एकदा किटलीला 'तुझं काम पाणी उकळणं' एवढंच सांगून ठेवलं. तिनं चहाचं उकळलं, बादलीतलं उकळलं, आणि दुपारी ती खिडकीतल्या फुलदाणीला जाऊन चिकटली तेव्हा कुठे सगळ्यांच्या लक्षात आलं, की थांबायचं कधी हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

टिंबू हा तिघा शिकाऊ मुलांतला धाकटा, नऊ वर्षांचा. थोरला तेरा वर्षांचा, पण बोलायला लागला की साठीचा वाटे, म्हणून त्याला सगळे आजोबा म्हणत. या दोघांच्या मधली भिंगरी. अकरा वर्षांत तिला कुणी एका जागी बसलेलं पाहिलं नव्हतं, तेव्हा तिला दुसरं काय नाव पडणार?

शिकवायला होत्या बाई. उंच, ताठ, शांत. त्यांचा आवाज चढलेला कुणी ऐकला नव्हता. त्या रागावल्या की उलट आणखी हळू बोलत, आणि ते ऐकण्यासाठी पुढे वाकावं लागे हीच शिक्षा. बाईंचं म्हणणं, की जोर फुंकरीत नसतो, नेमात असतो. प्रत्येकानं रोजचा एक लहानसा नेम धरायचा. तो अवघड नसला तरी चालेल, पण त्याला सुट्टी नाही. ज्या दिवशी नेम मोडला त्या दिवशी फुंकर कोरडी. आजोबाचा नेम असा, की न्याहारीचा पहिला घास घेईपर्यंत कुणालाही 'तुझं चुकलं' म्हणायचं नाही. हे त्याला इतकं जड जाई की तो न्याहारीला सगळ्यांच्या आधी हजर असे. टिंबूनं दुपारी बारापर्यंत कुरकुर न करण्याचं कबूल केलं होतं. बाराचा ठोका पडला की तो उभा राही आणि सकाळपासूनची साठलेली कुरकुर क्रमवार, काही न गाळता, संपवून टाकी. भिंगरीचा नेम सगळ्यांत सोपा. आपण घास घेण्याआधी एका माणसाला विचारायचं, काही खाल्लंस का?

आता खरं सांगायचं, तर भिंगरीसारखी फुंकर त्या घरात कुणाचीच नव्हती. आजोबा पाच मिनिटं हात धरून बसे तेव्हा कुठे खुर्ची जरा पाय हलवी. भिंगरीनं नुसतं जवळून जाताना फू केलं तरी खुर्ची उठून तिच्या मागे चालू लागे. घोडं पेंड खाई ते पुढे. कारण जागवलेली प्रत्येक वस्तू संध्याकाळी सहाच्या आत निजवावी लागे. तीनदा हलकेच थोपटायचं आणि म्हणायचं, 'झालं काम, नीज आता.' वस्तू एक बारीकसा उसासा टाकी, भरल्या डब्यावर झाकण बसावं तसा, आणि पुन्हा वस्तू होई. या कामाला फेरी म्हणत, आणि ती भिंगरीकडे होती, आणि भिंगरीच्या लक्षात काही राहत नसे.

एखादी वस्तू रात्रभर जागी राहिली तर तिला मतं फुटतात. आठवडाभर राहिली, तर आपण वस्तू आहोत हेच ती विसरते. बाईंनी हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आणि म्हणाल्या होत्या, मग तिला निजवताना आपल्यालाच कसंतरी होतं. जिवंताला मात्र थोपटून काही होत नाही. टिंबूनं त्याच दिवशी मांजरावर ते करून पाहिलं, आणि मांजरानं त्याच्या हातावर आपलं मत नोंदवलं. माणसांवर करून पाहायचं नाही, असं बाईंनी सांगून ठेवलं होतं. का, तर म्हणे चांगलं दिसत नाही.

भिंगरीच्या हातून पहिल्यांदा राहिली ती बादली. सकाळपर्यंत बादलीचं मत झालं होतं, की आपण पाण्यासाठी जन्मलो नाही. ती दूधवाल्याच्या दारात जाऊन उभी राहिली आणि दूध ओतेपर्यंत हटली नाही. दुसऱ्यांदा राहिलं पायपुसणं. त्याला माणसांची पारख आली. आवडता माणूस आला की ते सपाट होऊन त्याचे बूट पुसून देई, आणि नावडता आला की ऐन वेळी सरके. बांधणीवाले काका एका सकाळी तीनदा पडले. तिसऱ्यांदा ते उठले नाहीत, तिथेच बसून म्हणाले, की माझं काय चुकलं ते तरी या पायपुसण्याला विचारा.

त्यावर बाईंनी भिंगरीच्या मामांना पत्र लिहिलं. गुरुवारी या. तोवर आणखी एक वस्तू जागी राहिली, तर भाचीला घेऊन जा.

भिंगरीला मामा-मामींनीच वाढवलं होतं. तान्ही असल्यापासून ती त्यांच्याकडे. मामांचं बटणांचं दुकान होतं. मामा प्रेमळ, मामी त्याहून प्रेमळ, आणि दुकानाच्या मागच्या खोलीत भिंतभर खण: दोन भोकांची बटणं, चार भोकांची, दांडीची. तिथे बसून बटणं वेगळी करणं हेच तिचं पुढचं आयुष्य होतं. तिथे कुठलंही बटण कधी उठून तिच्या मागे चाललं नसतं. पत्र गेल्यापासून ते आठ दिवस भिंगरी जेवता जेवता उठून चमच्यांना थोपटून येई.

बुधवारी ती साडेपाचलाच फेरीला निघाली. रंगाऱ्याची शिडी निजवली. दूधवाल्याची ढकलगाडी, शिंप्याची कात्री, दोन छत्र्या. मग जागी नसलेली स्टुलं, बरण्या, आजोबाची पाटी हीसुद्धा तीन तीनदा थोपटून ठेवली, उगाच राहायला नको. पायपुसण्याला तिनं सहादा थोपटलं. शेवटी मधल्या मजल्यावर आली.

बाईंच्या खोलीचं दार उघडं होतं. खिडकीतून तिरपं ऊन आत आलं होतं आणि बाई उंच पाठीच्या खुर्चीत विणकाम घेऊन डोळे मिटून बसल्या होत्या. खांद्यावर राखाडी शाल. ती शाल बाई रोज सकाळी स्वतः जागवत, तिचं काम खांद्यावरून न घसरणं, आणि रोज संध्याकाळी स्वतःच निजवत. आज सहाला पाच मिनिटं कमी होती आणि शाल अजून बाईंच्या खांद्याला घट्ट धरून बसली होती.

ही परीक्षाच आहे, भिंगरीच्या मनात आलं. मुद्दाम ठेवलीय.

ती चवड्यांवर चालत खुर्चीमागे गेली. बाईंची झोपमोड होऊ नये इतकं अलगद तिनं शालीवर, खांद्यापाशी, थोपटलं. एकदा, दोनदा, तीनदा. 'झालं काम, नीज आता,' ती पुटपुटली. शालीनं उसासा टाकला, पकड सोडली आणि ती घसरली. भिंगरीनं ती वरच्यावर झेलली आणि घडी करून खुर्चीच्या पाठीवर टाकली.

मग आणखी एक उसासा ऐकू आला.

तो शालीचा नव्हता. जरा मोठा होता. भिंगरीनं इकडेतिकडे पाहिलं. बाईंचा चष्मा शेजारच्या टेबलावर होता. बघा, चष्मासुद्धा जागा होता! म्हणजे तोही आपण निजवला, अगदी न कळत. तिला इतकं बरं वाटलं की त्या रात्री ती आठ दिवसांत पहिल्यांदा सलग झोपली.

सकाळी बाई खाली आल्या नाहीत. आजोबा न्याहारीच्या पाटावर पाव समोर घेऊन बसला होता, कारण बाई आल्याशिवाय सुरुवात करायची नाही अशी शिस्त होती. टिंबू काहीही न बोलता पावाकडे बघत होता, आणि ते न बोलणं सगळ्या खोलीत ऐकू येत होतं. भिंगरी म्हणाली, मी बघून येते, माझा नेमही उरकेल.

बाई खुर्चीतच होत्या. काल होत्या तशाच. सुई टाक्यात अर्धी शिरलेली, दोरा बोटाभोवती, मान किंचित खाली.

"बाई, काही खाल्लंत का?" भिंगरीनं विचारलं.

विचारताना तिनं बाईंच्या हाताला हात लावला, आणि मग खुर्चीच्या हातालाही लावला. दोन्ही सारखेच गार होते.

ती ओरडली नाही. खाली गेली आणि आजोबाला म्हणाली, की जरा वर येऊन बघतोस का. तिचा आवाज असा शांत लागला, की आजोबानं पाव खाली ठेवला आणि टिंबू बोलावलं नसताना मागून आला.

आजोबानं बाईंचं मनगट धरलं. बराच वेळ धरलं. त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या आणि कुणी काही विचारायच्या आत टिंबूनं गळा काढला, की बाई गेल्या, आता आपलं कसं होणार, मला आधीपासूनच हे घर आवडत नव्हतं, जिना केवढा अरुंद आहे.

"चुकतोयस तू," आजोबा म्हणाला. "बाई गेलेल्या नाहीत."

आणि लगेच त्यानं तोंडावर हात ठेवला. पाव खालीच राहिला होता. त्याचा नेम मोडला होता. टिंबूचाही मोडला होता, घड्याळात साडेआठ वाजत होते.

पण आजोबाचं म्हणणं खरं होतं. त्यानं आपली आजी गेलेली पाहिली होती आणि ते असं नव्हतं. माणूस गेलं की कलंडतं, त्याचं वजन कुठेतरी जातं. बाई कलंडल्या नव्हत्या. त्या ठेवल्यासारख्या होत्या. त्यानं भिंगरीला विचारलं, काल तू इथे नेमकं काय केलंस? भिंगरीनं सगळं सांगितलं. शाल, तीनदा थोपटणं, उसासा, आणि चष्म्याचा उसासा.

"चष्मा बाई कधी जागवत नाहीत," आजोबा म्हणाला. "त्याच्या काचा साध्या आहेत. रुबाबापुरता घालतात."

खालून बांधणीवाल्या काकांच्या दाबयंत्राचा आवाज येत होता.

"म्हणजे मग बाई..." टिंबूनं सुरू केलं, आणि दोघांनी त्याला एकदमच गप्प केलं.

पण मनात आलेलं कुणाला गप्प करता येतं? बाईंना जेवताना कुणी पाहिलं होतं? 'तुमचं होऊ द्या, मी नंतर घेते,' त्या म्हणत. नंतर म्हणजे कधी, हे चार वर्षांत आजोबालाही माहीत नव्हतं. टिंबूला आठवलं, की थंडीत सगळे शेगडीभोवती बसत तेव्हा बाई दाराजवळ बसत आणि त्यांचे हात कधी लाल झाले नाहीत. आणि ते विणकाम. आजोबा हळूच म्हणाला, की तो पहिल्या दिवशी आला तेव्हा बाई एक बाही विणत होत्या. त्याला वाटलं होतं, स्वेटर करतायत.

विणलेली बाही बाईंच्या मांडीवरून खाली उतरली होती, जमिनीवरून गेली होती आणि पलंगाखालच्या मोठ्या पेटीत शिरली होती. रोज पाहायची, त्यामुळे कुणाच्या डोळ्यांना ती खुपली नव्हती. आता तिघांनी मिळून पेटी ओढली. झाकण उघडलं.

पेटी बाहीनं भरली होती. एकच बाही, घड्यांवर घड्या. वरच्या थरांची लोकर ओळखीची, कोपऱ्यावरच्या दुकानातली. खालच्या थरांची जाड, कुणी आता वापरत नाही अशी. त्याखाली रंगच उडालेला. टिंबूचा हात सगळ्यात लहान, म्हणून त्यानं तो तळाशी घातला आणि बाहीचं दुसरं टोक बाहेर काढलं.

ते तान्ह्या बाळाच्या मनगटाएवढं होतं.

"किटली," टिंबू म्हणाला. एवढंच. पण दोघांना समजलं. कुणीतरी सांगितलं होतं, विण. थांबायचं कधी, ते सांगायला विसरलं होतं.

मामांची गाडी अकराला येत होती.

आजोबानं बाह्या सरसावल्या. नेम मोडला हे त्याला माहीत होतं, तरी त्यानं बाईंचे दोन्ही हात आपल्या हातात धरले, मोठ्या माणसासारखा श्वास घेतला आणि फुंकर घातली. काही नाही. टिंबूनं घातली. त्याच्या फुंकरीनं बाईंच्या कानावरची बट हलली, तीही वाऱ्यानं हलते तशी.

दोघांनी भिंगरीकडे पाहिलं.

भिंगरी म्हणाली, माझ्या नेमाचं काय कुणास ठाऊक. मी विचारलं ते बाईंना. आणि बाई माणूस आहेत का, हेच तर आता कळत नाहीये. आजोबानं यावर विचार केला. शेवटी म्हणाला, की तू माणूस समजून विचारलंस ना, मग नेम पाळला. नेम पाळणाऱ्याकडून मोजतात. हे तो इतकं ठामपणे म्हणाला, की त्या क्षणी तो खरोखरच कुणाचा तरी आजोबा वाटला.

तिनं बाईंचे हात आपल्या तळहातांत घेतले.

ऊब यायला वेळ लागला. साडेनऊ झाले. दहा झाले. भिंगरी एका जागी बसली होती, हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही. टिंबूनं दोनतीन वाक्यं सुचवली, त्यातल्या प्रत्येकात सुट्टी होती. आजोबाचं वाक्य इतकं लांब होतं, की त्याला ते स्वतःलाच कागदावर लिहावं लागलं. मग त्यानं तो कागद घडी करून खिशात घातला आणि खिडकीबाहेर बघत म्हणाला, "भिंगरे, तू म्हणशील तेवढंच काम बाईंना उरेल. समजून बोल."

ते तिला कधीचंच समजलं होतं.

'तुमचं काम मला कधीच घरी न पाठवणं.' सात शब्दांचं काम होतं. वाक्य तिच्या ओठांवर येऊन बसलं होतं. बटणं नाहीत. खण नाहीत. कुणालाही कळलं नसतं. या दोघांना कळलं असतं, पण ते बोलले नसते. आणि बाईंनी जन्मभर, म्हणजे जेवढं काही असेल तेवढं, तिला पाठवलं नसतं.

तिच्या हातांतले हात गरम झाले होते.

तिनं बाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मिटलेले डोळे, सरळ भांग. याच बाईंनी तिला पहिल्या दिवशी विचारलं होतं, भीती वाटते का, आणि ती हो म्हणाल्यावर म्हणाल्या होत्या, वाटू दे, ती पण आपलं काम करते.

भिंगरीनं फुंकर घातली.

"तुम्ही बाई," ती म्हणाली.

"तू म्हणायचं असतं," टिंबू कुजबुजला.

"तूच म्हण त्यांना तू." मग ती पुन्हा बाईंकडे वळली. "तुम्ही बाई. तुमचं काम, काल होतं तेच."

काही झालं नाही.

दाबयंत्राचा आवाज थांबला. पुन्हा सुरू झाला.

सुई हलली.

अर्धा राहिलेला टाका पुरा झाला. मग दुसरा. बाईंनी डोळे उघडले, खिडकीतल्या उन्हाकडे पाहिलं, ऊन चुकीच्या बाजूनं येत होतं. उघड्या पेटीकडे पाहिलं. टिंबूच्या हातात अजून तो चिमुकला काठ होता, त्यांनी तो काढून घेतला, नीट घडी केली आणि पेटीत ठेवला. झाकण लावलं.

"कालच्या फेरीत काही राहिलं का?" त्यांनी विचारलं. अगदी हळू. तिघंही पुढे वाकले.

"नाही बाई," भिंगरी म्हणाली. "एक जास्त झालं."

बाई तिच्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. आजोबाला ते सहन झालं नाही. त्यानं विचारलंच, की बाई, तुम्हाला कुणी... आणि पुढचा शब्द त्याला सापडेना.

"सगळ्यांनाच कुणीतरी उठवलेलं असतं, बाळा," बाई म्हणाल्या. "कुणी, ते फार शोधू नये. आपण आपला नेम पाळावा."

मग उठल्या. राखाडी शाल खुर्चीच्या पाठीवर होती; ती उचलून त्यांनी दाराजवळच्या खुंटीवर अडकवली. "ही यापुढे इथून निजवत जा," त्या भिंगरीला म्हणाल्या. "मी आत नसताना. आणि राहिलं काही नाही ना? मग राहा तूही."

भिंगरीला रडू आलं आणि हसूही आलं, आणि त्या गडबडीत तिनं पळत जाऊन जिन्यावर आजोबाला पाडलं.

मामा अकराला आले ते धापा टाकतच. त्यांच्या सगळ्या खिशांत नमुन्याची बटणं असत, त्यामुळे ते जिना चढू लागले की कुणीतरी खुळखुळा हलवतंय असं वाटे. पायपुसणं गाढ झोपेत होतं तरी त्यांनी ते आदरानं ओलांडलं, पत्रात त्याचा उल्लेख होता. भाची राहणार हे ऐकून त्यांचं तोंड आधी उतरलं आणि मग उजळलं. म्हणाले, मामीनं तुझ्या गादीला ऊन दाखवून ठेवलं होतं, आता तिला काय सांगू? तीन कप चहा घेतला. बाईंना दोन वेळा म्हणाले, तुम्हीही घ्या ना. बाई म्हणाल्या, तुमचं होऊ द्या, मी नंतर घेते. तिन्ही मुलं आपापल्या कपात बघत होती.

पाचच्या गाडीसाठी भिंगरी त्यांना दारापर्यंत सोडायला गेली. गल्लीत ऊन कलंडलं होतं. मामा निघता निघता थांबले, हातातली पिशवी खाली ठेवली, आणि त्यांचेही डोळे जरा भरून आले होते, म्हणून त्यांनी तिला जवळ घेतलं.

"दमलीस गं पोरी," ते म्हणाले आणि तिच्या पाठीवर थोपटू लागले. एकदा. दोनदा.

भिंगरी झटकन मागे झाली.

मामांचा हात हवेतच राहिला. त्यांना वाईट वाटलं नाही, उलट ते हसायला लागले, इतके की खिशांतली सगळी बटणं खुळखुळली. "मोठी झालीस होय आता? अगं, तान्ही होतीस तेव्हा थोपटल्याशिवाय डोळा मिटायची नाहीस. मामी अजून सांगते सगळ्यांना, आमच्या पोरीनं जागरण म्हणून करू दिलं नाही. तीन वेळा थोपटलं, की बारीकसा उसासा टाकायची आणि गाढ."

"तीनच वेळा?" भिंगरीनं विचारलं.

"तीन. मोजून," मामा कौतुकानं म्हणाले आणि पिशवी उचलली. "चौथ्यांदा कधी लागलंच नाही."

ते गल्लीच्या वळणावर दिसेनासे होईपर्यंत ती हात हलवत राहिली. मग वळली. टिंबू दारात उभा होता. किती वेळ उभा होता, कळत नव्हतं. त्यानं कुरकुर केली नाही, काही विचारलंही नाही. नुसता तिला आत जायला वाट देण्यासाठी बाजूला सरकला. दार चांगलं रुंद होतं. तरी तो जरा जास्तच सरकला.